फिट आली की मेंदूत काय होतं? नीटच्या पुस्तकातलं एक वाक्य आणि मुंबईच्या शास्त्रज्ञाची माशी

लातूरच्या ट्यूशन एरियात अकरावी-बारावीच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, सोडियम-पोटॅशियम पंप काय करतो? उत्तर तयार असतं. "तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत." एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रातली ही गोष्ट आहे. नीटला यावर प्रश्न येऊ शकतो, म्हणून हजारो पोरं ती पाठ करतात.

आता समजा, त्याच रस्त्यावर रसवंतीसमोर एक माणूस अचानक कोसळला. हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले, तोंडाला फेस आला. गर्दी जमते. एकजण चप्पल काढून नाकाला लावतो. दुसरा कांदा शोधायला पळतो. तिसरा किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतो. मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "बाहेरचं दिसतंय."

या गर्दीत पंपाचं वाक्य पाठ असलेली दहा पोरं तरी उभी असतील. पण समोर जे चाललंय ते त्याच धड्यातलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते आज समजून घेऊ.

आधी मोटर आणि नळ समजून घ्या

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहराला टाकी, मोटर आणि नळ यांचं नातं वेगळं सांगायला नको. हौदातलं पाणी मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मग खाली नळ उघडला की पाणी धो-धो येतं. मोटर चालवायला वीज लागते, नळाला लागत नाही.

मेंदूतली प्रत्येक पेशी हेच करते, फक्त पाण्याऐवजी क्षारांचे कण वापरते. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम. मिठात असतात तसेच हे विद्युतभारित कण, त्यांना आयन म्हणतात. पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. त्यातून आयन सहज आरपार जाऊ शकत नाहीत. जायचं तर दोनच मार्ग.

पहिला, पंप किंवा ट्रान्सपोर्टर. ही मोटर. पंप शरीराची ऊर्जा खर्च करून सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत घेतो. काही ट्रान्सपोर्टर एका आयनाच्या ओढीचा फायदा घेऊन दुसऱ्याला सोबत नेतात.

दुसरा, आयन चॅनल. हा नळ. उघडला की आयन स्वतःच्या ओढीने वाहतात. वेगातला फरक बघा. पंप सेकंदाला काहीशे आयन हलवतो, तर एका उघड्या चॅनलमधून सेकंदाला एक कोटीच्या आसपास आयन जाऊ शकतात.

पंपाने साठवलेल्या या फरकामुळे शांत बसलेल्या मज्जापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण उणे ७० मिलिव्होल्ट दाब असतो. निरोप आला की सोडियमचे नळ उघडतात, सोडियम आत घुसतो आणि पेशी 'फायर' होते. एका मिलिसेकंदाच्या आसपास हे नळ आपोआप बंद होतात, पोटॅशियमचे उघडतात आणि पेशी पुन्हा शांत होते. आत्ता तुम्ही हे वाचताय, तेही याच उघडझापीमुळे.

मेंदू आपल्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. त्यातला मोठा वाटा या मोटरी चालू ठेवण्यातच जातो.

हे सगळं पाठ्यपुस्तकात आलं ते दशकांच्या मेहनतीनंतर. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हा संदेश कसा तयार होतो ते गणितात मांडलं. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंमध्ये पंप सापडला. या कामांसाठी पुढे अनुक्रमे १९६३ आणि १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

मग फिट म्हणजे काय?

संध्याकाळची गंजगोलाई आठवा. एकाच वेळी हजार बोलणी चालू असतात. कुणी भाव करतंय, कुणी फोनवर आहे, कुणी रिक्षावाल्याशी वाद घालतंय. गोंगाट असतो, पण प्रत्येकाचं काम होतं. आता कल्पना करा, ते सगळे अचानक एकाच तालात एकच शब्द ओरडायला लागले. आवाज प्रचंड होईल आणि काम कुणाचंच होणार नाही.

फिट म्हणजे हेच. मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. एरवी त्या आपापल्या वेळी फायर होतात. फिटमध्ये त्यांच्यातला मोठा गट एकदम, एका तालात, पुन्हा पुन्हा फायर होतो. तो गट हात हलवणाऱ्या भागात असेल तर हाताला झटके येतात. सगळ्या मेंदूत पसरला तर शुद्ध जाते. असे झटके कारण नसताना पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. आपल्याकडे मिरगी, फेफरं किंवा नुसतं 'फिटचा त्रास' म्हणतात.

प्रश्न असा की पेशी एका तालात का जातात? उत्तराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो.

कुलाब्यातले सिद्दीकी आणि कोसळणारी माशी

ओबेद सिद्दीकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे. १९६२ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. अणू आणि गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत जिवंत पेशींचा अभ्यास सुरू झाला तो इथून.

पुढे त्यांचं लक्ष गेलं फळमाशीकडे. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारं चिलट असतं ना, तेच. १९७१ मध्ये डेव्हिड सुझुकी आणि सहकाऱ्यांनी तिचा एक विचित्र वाण शोधला होता. २२ अंशांवर ही माशी मजेत असते. तापमान २९ अंशांवर गेलं की पटकन कोसळते, निपचित पडते. थंड केलं की लगेच उठून चालू पडते. एका जीनमध्ये बिघाड होता. लकवा मारल्यासारखी पडते म्हणून त्या जीनला 'पॅरा' नाव पडलं.

सिद्दीकींनी अमेरिकेतले शास्त्रज्ञ सेमूर बेंझर यांच्यासोबत अशाच, उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जासंस्थेतले विजेचे संदेश तपासले. कुठे आणि काय बिघडतं यावरचा त्यांचा शोधनिबंध १९७६ मध्ये आला. योगायोग असा की एकाच आयन चॅनलमधून वाहणारा प्रवाह मोजण्यात एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांना यश आलं तेही १९७६ मध्येच.

'पॅरा' जीन नेमकं काय बनवतो, हे १९८९ मध्ये स्पष्ट झालं. सोडियमचा नळ. चिलटाचा नळ आणि आपला नळ एकाच घराण्यातले निघाले.

मग माश्यांचा खजिनाच उघडला. काही माश्यांची बाटली टेबलावर जोरात आपटली की त्यांना चक्क झटके येतात. त्यातल्या एका वाणात बिघाड याच 'पॅरा' जीनमध्ये निघाला, पण वेगळ्या जागी. दुसऱ्या एका वाणात बिघाड होता तो सोडियम-पोटॅशियम पंपात, म्हणजे नीटच्या वाक्यातल्या मोटरमध्ये. तिसऱ्यात पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र बाहेर नेणाऱ्या ट्रान्सपोर्टरमध्ये. नळ, मोटर, ट्रान्सपोर्टर. तिघांपैकी कुणीही बिघडलं तरी झटका येऊ शकतो.

सिद्दीकी पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे संस्थापक संचालक झाले. त्यांना २००६ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण एक गोष्ट जुळत नाही

सोडियमचा नळ बंद पडला तर माशी निपचित पडते. म्हणजे नळ कमी तर फायरिंग कमी. मग नळ बिघडल्यावर माणसाला फिट यायलाच नको.

पण येते. १९७८ मध्ये शार्लोट ड्रॅव्हे या फ्रेंच डॉक्टरांनी लहान मुलांच्या एका गंभीर अपस्माराचं वर्णन केलं. बाळ नीट वाढत असतं. पहिल्या वर्षातच, बऱ्याचदा तापात, पहिली फिट येते आणि लांबते. मग फिट वारंवार येतात, वाढ मागे पडू लागते. २००१ मध्ये कारण सापडलं. एससीएन१ए नावाच्या जीनमधला बदल. हा जीनही सोडियमचा नळच बनवतो आणि या मुलांमध्ये त्यातले बरेच नळ नीट चालत नाहीत.

नळ कमी, तरी झटके जास्त. हे कसं?

मेंदूत दोन प्रकारच्या पेशी असतात. काही अॅक्सिलरेटर, काही ब्रेक. ब्रेकवाल्या पेशी 'गाबा' नावाचं रसायन सोडून बाकीच्यांना शांत ठेवतात. एससीएन१ए चा नळ सगळ्यात जास्त गरजेचा असतो तो याच ब्रेकच्या पेशींना. नळ बिघडला की आधी ब्रेक निकामी होतो आणि गाडी सुसाट सुटते. हा उलगडा २००६ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून झाला.

याचा थेट परिणाम औषधावर होतो. फेनिटॉइन, कार्बामेझेपिन ही फिटची नेहमीची औषधं सोडियमचे नळ आवरतात. बहुतेक रुग्णांना त्यांचा उपयोग होतो. पण ड्रॅव्हेच्या मुलांमध्ये आधीच ढिला असलेला ब्रेक त्यांनी आणखी ढिला होतो आणि फिट वाढू शकतात. म्हणून तिथे व्हॅल्प्रोएट, क्लोबाझामसारखी वेगळी औषधं वापरतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ड्रॅव्हेच्या बहुतेक मुलांमध्ये हा बदल आईकडून किंवा वडिलांकडून आलेला नसतो, बाळातच नव्याने झालेला असतो. "आईच्या घराण्यात दोष आहे" म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ड्रॅव्हे दुर्मीळ आहे. तापात एखादी फिट येणं मात्र दुर्मीळ नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा.

नवजात बाळाचा ब्रेक उलटा का?

ट्रान्सपोर्टर किती महत्त्वाचे, हे इथे कळतं. गाबा ब्रेक लावतो तो क्लोराइडचा नळ उघडून. मोठ्यांच्या मेंदूत क्लोराइड पेशीत शिरतो आणि पेशी शांत होते. पण त्यासाठी पेशीच्या आत क्लोराइड कमी असावा लागतो. तो बाहेर काढायचं काम केसीसी२ नावाचा ट्रान्सपोर्टर करतो. १९९९ मध्ये फिनलंडमधल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं.

जन्माच्या वेळी केसीसी२ पुरेसा तयार झालेला नसतो आणि क्लोराइड आत ओढणारा एनकेसीसी१ जोरात असतो. म्हणजे पेशी क्लोराइडने भरलेली. अशा वेळी नळ उघडला की क्लोराइड उलटा बाहेर वाहू शकतो आणि ब्रेकच अॅक्सिलरेटरसारखा वागू शकतो. नवजात बाळांच्या फिटवर फिनोबार्बिटोन कधी कधी कमी का पडतं, याचं हे एक संभाव्य कारण मानलं जातं. ते औषध गाबाच्याच वाटेने काम करतं.

मग एनकेसीसी१ बंद करून टाकू, असंही करून पाहिलं. बुमेटानाइड नावाच्या औषधाची युरोपात बाळांवर चाचणी झाली. पण फायदा दिसला नाही आणि काही बाळांच्या ऐकण्यावर परिणाम झाला, म्हणून ती थांबवावी लागली. कागदावर पटणारी कल्पना रुग्णावर चालेलच असं नाही. म्हणून चाचण्या लागतात.

हे कळून आपल्याला काय फायदा?

पहिला फायदा, गोळीवर विश्वास बसतो. सोडियम नळाची औषधं सगळे नळ सरसकट बंद करत नाहीत. जो नळ सारखा उघडझाप करतोय त्यालाच जास्त धरतात. म्हणून फिट थांबते आणि बाकीचा मेंदू काम करत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात.

दुसरा फायदा, 'फिटची गोळी' एकच नसते हे कळतं. वर्गात मूल पाच-दहा सेकंद एकटक बघत राहतं, हाक मारली तरी उत्तर देत नाही, मग काहीच न झाल्यासारखं लिहू लागतं. सर म्हणतात लक्ष नाही. तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. त्यावर कॅल्शियमचे नळ आवरणारं एथोसुक्झिमाइड चालतं, तर कार्बामेझेपिनने त्रास वाढू शकतो.

तिसरा लातूरच्या पोरांसाठी महत्त्वाचा. साधारण १२ ते १८ वर्षांच्या वयात सुरू होणारा एक प्रकार आहे. सकाळी उठल्यावर हाताला अचानक हिसका बसतो. ब्रश उडतो, चहाचा कप पडतो. मग एखाद्या दिवशी मोठी फिट येते. झोप न झाल्यावर हे वाढतं. रात्री दोनपर्यंत अभ्यास करून पहाटे पाचला उठणाऱ्या मुलाला असे हिसके बसत असतील, तर 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना हिसक्यांबद्दल आवर्जून सांगा. सांगितलं नाही तर फक्त मोठ्या फिटवर औषध दिलं जातं आणि काही औषधांनी हे हिसके वाढतात.

सगळ्याच फिट जीनमुळे येतात का?

नाही. जन्मावेळी बाळ गुदमरणं, डोक्याला मार, पक्षाघात, गाठ, मेंदूज्वर, अशी अनेक कारणं आहेत. आपल्या देशात एक मोठं कारण म्हणजे मेंदूत जाणाऱ्या फीतकृमीच्या अळ्या. कृमीची अंडी मानवी विष्ठेतून दूषित पाण्यात, न धुतलेल्या भाज्यांवर किंवा हातांवर येतात. त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा त्रास होऊ शकतो. हात धुणं आणि संडासाचा वापर हाही फिटवरचा उपायच आहे. कारण काहीही असो, शेवटी तोल जातो तो याच नळ-मोटरींच्या कामाचा. म्हणून त्यावरची औषधं इथेही चालतात.

'बाहेरचं' म्हणण्याची किंमत

या गैरसमजात वेळ जातो. देवरुषी, अंगारा, उतारा, मग आणखी एक दरबार. दरम्यान मूल शाळेतून काढलं जातं. आणि फिटमध्ये पाण्यात, चुलीवर किंवा रस्त्यावर पडून जीवही जाऊ शकतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

लग्नाचंही तसंच. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार असणं लग्नाच्या अटींच्या आड येत होतं. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायदा बदलला, तरी मुलीची फिट लपवली जाते. मग सासरी ती गोळ्या चोरून खाते किंवा बंद करते. औषध अचानक बंद केलं की फिट जोराने परत येऊ शकते, कधी थांबतच नाही. त्यामुळे आधी सांगणं दोघांच्याही भल्याचं. आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर गरोदरपणाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोला. त्याने गर्भावर गंभीर परिणाम होऊ शकतात. गोळी स्वतःहून मात्र थांबवू नका.

दाखवायचं कुठे? जवळचं ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा लातुरातलं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या यादीतही झटक्यांचा आजार आहे, त्यांनाही सांगता येतं. जमलं तर फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. तो फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी, स्टेटसला ठेवण्यासाठी नाही.

समोर कुणाला फिट आली तर

- घड्याळ बघा. किती वेळ चाललीय हे महत्त्वाचं.
- आजूबाजूच्या धारदार, टणक वस्तू बाजूला करा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा.
- एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील.
- तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.
- चप्पल, कांदा, किल्ल्या यांचा उपयोग नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून किल्लीने थांबली असं वाटतं.
- पाच मिनिटांच्या वर गेली, शुद्ध न येता दुसरी आली, पाण्यात आली, बाई गरोदर असेल किंवा ही पहिलीच वेळ असेल तर १०८ ला फोन करा.
- शुद्धीवर येईपर्यंत सोबत थांबा. माणूस गोंधळलेला असतो, त्याला गर्दी नको असते.

पुढच्या वेळी रसवंतीसमोर असं घडलं आणि कुणी "बाहेरचं आहे" म्हणालं, तर तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत हे पाठ असलेल्या पोराने पुढे व्हावं. त्या माणसाला कुशीवर वळवावं आणि घड्याळ बघावं.